कर्ज सल्लागार भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? (नाशिक, अंबड-सिडको भाग)

पाथर्डीफाटा३९

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, तेही असल्या विषयावर, म्हणून खरं नाव देत नाही.

अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झाला आणि हातात पडणारे ४२ हजार ३४ वर आले. बायको घरी शिकवणी घेते, तिचे साडेपाच. म्हणजे घरात येतात ३९,५००. आता जातात किती ते ऐका. फ्लॅटचा हप्ता १४,८००. पर्सनल लोन ९,६००. एका क्रेडिट कार्डावर १ लाख ३५ हजार थकलेत, त्याचा मिनिमम ६,७५०. दुसऱ्या कार्डावर ६२ हजार, मिनिमम ३,१००. शिवाय मोबाईलच्या अ‍ॅपवरून घेतलेलं एक कर्ज, त्याचे ३,९००. बेरीज ३८,१५०. उरले १,३५०. त्यात किराणा, गॅस, लेकीची रिक्षा. बसत नाही हे सांगायला नको. मग या कार्डावरून काढून त्या कार्डावर भरायचं, आठ महिने हेच चाललंय. अजून एकही हप्ता चुकलेला नाही, पण पुढच्या महिन्यात चुकणार.

मागच्या आठवड्यात एका 'लोन सेटलमेंट' कंपनीचा फोन आला. नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. कॉलेज रोडला एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे. काचेचं दार, एसी, पाण्याची बाटली आपणहून पुढे. टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, तुमचं निम्मं कर्ज माफ करून देतो, आरबीआय अप्रूव्हड प्रोसेस आहे." सगळे हप्ते आजपासून थांबवायचे. वसुलीचे फोन त्यांचा वकील घेणार. नोंदणीचे १५ हजार, आणि जेवढं वाचेल त्यावर १२ टक्के. मी कागद पाहिलेच नाहीत म्हणालो तर म्हणे, "कागद नंतर, आधी सही." आणि मी गाढव, आधार-पॅनच्या झेरॉक्स, सही केलेला कोरा वकालतनामा आणि दोन कोरे चेक देऊन आलो. पैसे अजून दिलेले नाहीत, शनिवारी द्यायचे ठरलंय.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "ज्याला तुमचं कर्ज किती ते माहीत नाही, त्याने निम्मं कसं माफ केलं?" तेव्हापासून झोप नाही.

नाशकात असा सल्ला देणारं कुणी खरंखुरं आहे का? असलं तर ओळखायचं कसं?

सिडकोचा_जुना

शनिवारी जाऊ नका. पैसे तर मुळीच देऊ नका. आमच्या मेव्हण्याने असेच भरले होते. दोन महिन्यांनी फोन केला तर "सर मीटिंगमध्ये आहेत", तिसऱ्या महिन्यात नंबरच बंद. वसुलीवाले मात्र मीटिंगमध्ये नव्हते, ते थेट कंपनीच्या गेटवर आले.

बाकीचं जाणकार सांगतील. वहिनींना नमस्कार सांगा.

निवृत्त_कॅशियर

दादा, आधी ते दोन चेक. उद्या बँकेत जाऊन दोन्ही नंबर देऊन 'स्टॉप पेमेंट' लिहून द्या. कारणाच्या रकान्यात 'सेवा घेतलेली नाही, देणे नाही' असं स्वच्छ लिहा. त्या ऑफिसला ईमेल करून कळवा की वकालतनामा मागे घेतोय आणि कागद परत हवेत. हे झाल्यावर बाकीचं वाचा. मी थांबतो.

झालं? बरं.

मी ३४ वर्षं बँकेत होतो. सुरुवात रविवार कारंजाच्या शाखेत कॅशवर, शेवटची सहा वर्षं वसुलीत. म्हणजे तुम्हाला फोन करणाऱ्यांच्या बाजूला बसून आलेला माणूस आहे. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात शहाणी ओळ तुमची नाही, वहिनींची आहे.

'आरबीआय अप्रूव्हड' म्हणतो ना, त्याला विचारा, प्रमाणपत्र दाखव. कर्ज सेटल करून देण्याच्या धंद्याला रिझर्व्ह बँक लायसन्सच देत नाही, तर अप्रूव्हल कुठलं? लायसन्स बँकेला, वित्तसंस्थेला. मधल्या माणसाला नाही.

आणि सगळे हप्ते थांबवा म्हणणारा माणूस तुमच्या घराच्या हप्त्याबद्दलही तेच बोलला. यावरून मला तो पुरता कळला. कार्ड आणि पर्सनल लोन बिनतारण असतात, तिथे बँक फोन करते, कोर्टात जाते. फ्लॅट तारण आहे. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर कोर्टात न जाता बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागते. या दोन प्रकारच्या कर्जांना एकच औषध देणारा डॉक्टर नव्हे, कंपाउंडरसुद्धा नव्हे. शिवाय हप्त्याचं ईसीएस किंवा नाच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) पैसे नाहीत म्हणून परत गेलं तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली, चेक बाउन्ससारखीच, फौजदारी केस होऊ शकते. हे त्याने सांगितलं का? नसणारच.

आता नाशकात कोण आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना सांगितलं होतं की 'वित्तीय साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रं' काढा. सल्ला फुकट द्यायचा, आणि केंद्राने आपल्याच बँकेच्या योजना खपवायच्या नाहीत. २०१२ मध्ये नाव आखूड करून 'आर्थिक साक्षरता केंद्र' केलं. नावातलं कर्ज समुपदेशन गेलं आणि खरं सांगायचं तर कामातलंही बरंच गेलं. आता ही माणसं जास्त करून गावोगावी खाती, विमा, पेन्शन समजावत फिरतात. पण केंद्रं आहेत. दर जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, नाशिकची महाराष्ट्र बँक. तिच्या कुठल्याही शाखेत जाऊन 'अग्रणी बँक कार्यालय आणि साक्षरता केंद्र कुठे बसतं' विचारा. तिथला सल्लागार बहुतेक वेळा माझ्यासारखाच निवृत्त बँकवाला असतो. जादू करणार नाही, पण कागद वाचेल, आणि पाणी विचारलं तर माठातलं देईल.

खरा सल्लागार मी असा ओळखतो: तो आधी तुमचं ऐकत नाही, तुमच्याकडून कागद मागतो. प्रत्येक कर्जाचं स्टेटमेंट, मंजुरीपत्र, सहा महिन्यांचं पासबुक. सिबिलचा रिपोर्ट, आणि एकट्या सिबिलचा नाही. तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असतो. मग तो घरखर्चाची वही मागतो. वही नसेल तर 'महिनाभर लिहून या' म्हणतो आणि परत पाठवतो. पहिल्याच भेटीत आकडा सांगत नाही. आणि पैसे? तुमच्या हप्त्याचा एक रुपयाही त्याच्या खात्यातून जात नाही. भरायचं ते तुमच्या खात्यातून, थेट कर्जखात्यात.

आता तुमचंच गणित घ्या. १ लाख ३५ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज ४,७२५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेआठशे. ५,५७५ गेले. तुम्ही भरता ६,७५०. मुद्दल फिटलं ११७५. आणि तेवढं तुम्ही दुसऱ्या कार्डावरून परत काढलंत. आठ महिने तुम्ही पळताय ते गिरणीच्या पट्ट्यावर.

एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही सगळी देणी लिहिलीत, शिल्लक काहीच लिहिली नाहीत. कुठेतरी एखादी एफडी, पतसंस्थेतली ठेव, विमा पॉलिसी असणारच. आपल्या घरांत असते. ती कुणाच्या नावावर आहे म्हणून लिहिली नाहीत?

तिडके_कॉलनी

दादा, मी ठेच खाल्लेली आहे म्हणून लिहिते.

आमच्या यजमानांचं पर्सनल लोन होतं, २ लाख १० हजार राहिले होते. त्यांची शस्त्रक्रिया झाली, काम सुटलं. एका एजन्सीने ९५ हजारांत मिटवतो सांगितलं. 'सेटलमेंट फंड' म्हणून दर महिन्याला पाच हजार त्यांच्या खात्यात भरायचे, पुरेसे जमले की ते बँकेशी बोलणार. पाच महिने भरले, २५ हजार. एकदा मला बँकेचं पत्रही दाखवलं, लेटरहेडवर. मी खूश. पुढे शाखेत गेले तर साहेबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, यात लोन अकाउंट नंबर कुठे आहे?" नव्हताच. तारीख होती, शिक्का होता, रकमेपुढे 'फक्त' लिहिलं होतं, पण नंबर नव्हता. बँकेत एक पैसा पोचला नव्हता. ते २५ हजार आजतागायत मिळालेले नाहीत. त्या गाळ्यात आता ब्युटी पार्लर आहे.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात गेले. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांनी राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवायला लावलं, केस दाखल व्हायच्या आधीच. कोर्ट फी नाही. समोर बँकेचा अधिकारी, मध्ये पॅनल. १ लाख ३० हजारांत मिटलं, चार हप्त्यांत. मी म्हटलं, ती एजन्सी ९५ म्हणत होती. पॅनलमधल्या बाई हसल्या, म्हणाल्या, "म्हणायला काय जातं." लोकअदालतीचा निवाडा पक्का असतो, त्यावर अपील नाही, बँकही मग शब्द फिरवू शकत नाही.

पण एक गोष्ट तेव्हा कुणीच नीट सांगितली नाही. दोन वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो, यजमान सहकर्जदार. अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' नव्हतं, 'सेटल्ड' होतं. म्हणजे बँकेला पूर्ण पैसे मिळाले नाहीत, असं ते सगळ्यांना सांगत राहतं, वर्षानुवर्षं. शेवटी माझ्या भावाला सहकर्जदार घ्यावं लागलं. त्याचे उपकार आहेत, पण दर राखीपौर्णिमेला ते आठवतात, ते बरं नाही.

तुमचा अजून एकही हप्ता चुकलेला नाही. तुम्हाला सेटलमेंटची गरजच नसेल कदाचित.

फायनान्स_मित्र

मी याच क्षेत्रात आहे. सगळ्यांना एका तराजूत तोलू नका. बँकेशी बोलणं सामान्य माणसाला जमत नाही, वसुलीवाले आईबहिणीवरून बोलतात, तेव्हा मध्ये कुणीतरी लागतं. आम्ही कष्ट करतो, त्याची फी घेतो. बँका स्वतः सेटलमेंट करतात, २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची नियमावलीही काढली आहे. मग आमचं काय चुकलं?

निवृत्त_कॅशियर

काही चुकलं नाही. नियमावली आहे, खरं आहे. तडजोड करायची की नाही हे बँक स्वतःच्या धोरणाने ठरवते, आणि तशी तडजोड झाली की शेतीकर्ज सोडून बाकीच्यांना त्या बँकेकडून निदान बारा महिने नवीन कर्ज नाही, हेही त्याच नियमावलीत आहे. ते तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का? आणि फी काम झाल्यावर घेता की आधी? ते इथे लिहून द्या, मी स्वतः तुमच्याकडे माणसं पाठवतो.

वसुलीवाल्यांसाठी मध्यस्थ लागत नाही. थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, हा २०२२ चा नियम आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन, फुकट. १४४४८ वर फोन केला तर कसं भरायचं ते सांगतात. अ‍ॅपवाल्याने फोटो पसरवायची धमकी दिली तर १९३०, ती सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन. पाथर्डीफाटा, तुमच्या अ‍ॅपमागे कुठली वित्तसंस्था आहे तेही बघा. कर्जाच्या कागदावर तिचं नाव असलंच पाहिजे, आणि १ जुलै २०२५ पासून अशा अ‍ॅप्सची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे.

(फायनान्स मित्रांचं उत्तर चार दिवस झाले तरी आलेलं नाही. मीटिंगमध्ये असतील.)

पाथर्डीफाटा३९

उशीर झाला, माफ करा. सेकंड शिफ्ट होती.

काका, एफडीचं तुम्हाला कसं कळलं? आहे. पतसंस्थेत ६५ हजार, लेकीच्या शिक्षणासाठी, वर्षाला आठ टक्के. ती आठवीत आहे. ते पैसे आमचे आहेत असं मला वाटतच नाही, म्हणून लिहिले नव्हते. रात्री वहीत लिहिलं: इकडे आठ टक्के वर्षाचे मिळतात, तिकडे साडेतीन टक्के महिन्याचे जातात, म्हणजे वर्षाचे ४२. बायको शिकवणीत हेच गणित सातवीच्या मुलांना घालते. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली, मग म्हणाली, "मोडा. पण सुटलेले पैसे तिच्याच नावाने आरडीत टाकायचे, आणि ते कार्ड माझ्यासमोर कापायचं." मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज थोडं कापलं. ६२ हजारांचं कार्ड संपलं, कात्रीने चार तुकडे केले, शिवाय खातं बंद करायचा मेल टाकला. नुसतं कापून ते बंद होत नाही, हे कस्टमर केअरवाल्याने सांगितलं.

मोठ्या कार्डवाल्यांना मी स्वतः फोन केला. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, अजून चुकलो नाही पण चुकेन, हप्ते बांधून द्या. अर्ध्या तासात ३६ महिन्यांचे करून दिले, १६ टक्क्यांनी. महिना ४,७५० च्या आसपास, वर व्याजावरचा जीएसटी. यासाठी १५ हजार मागत होते मला!

गृहकर्जाची मुदत वाढवायचा अर्ज दिलाय. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, पगाराच्या स्लिपा आणा, बघू. म्हणजे अजून ते अधांतरीच आहे. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं हे त्यांनी न विचारता सांगितलं, ते मला आवडलं.

साक्षरता केंद्रात गेलो होतो. पहिल्या खेपेला साहेब दिंडोरीला शिबिराला गेले होते. दुसऱ्या खेपेला भेटले. काकांनी सांगितलं तसंच, आधी कागद मागितले, एक तास वाचत बसले, आणि पर्सनल लोनच्या स्टेटमेंटवर बोट ठेवलं. त्यात दर महिन्याला २९० रुपये विम्याचे जात होते, मी कधी घेतलाच नव्हता तो विमा. त्याचा अर्ज त्यांनी समोर बसवून माझ्याकडूनच लिहून घेतला. म्हणाले, "मी लिहिला तर पुढच्या वेळी परत माझ्याकडे याल." फी विचारली तर हात जोडले. पाणी माठातलं नव्हतं काका, फिल्टरचं होतं.

आता चेकचं. कॉलेज रोडला गेलो, बरोबर बायको. टायवाला नव्हता. काउंटरवरच्या मुलीने झेरॉक्स आणि वकालतनामा दिला, एक चेक दिला. दुसरा "सरांच्या ड्रॉवरमध्ये" आणि ड्रॉवरची चावी सरांकडे. बायको तिथल्या सोफ्यावर जाऊन बसली, म्हणाली मला घाई नाही. पाऊण तास बसली. नवीन दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनी विचारलं वहिनी तुमचं झालं का काम, तेव्हा चावी सापडली.

स्टॉप पेमेंट मात्र दोन्ही चेकांचं आधीच केलं होतं. त्याचे बँकेने प्रत्येकी ११८ रुपये कापले.

निवृत्त_कॅशियर

२३६ रुपये. मी नोकरीत असतो तर एका अर्जात दोन्ही चेक घेतले असते, एकदाच कापले असते. सलग नंबर होते ना? विचारून बघा, परत मिळतील.

विम्याच्या अर्जाची पोच घेतली का? शिक्क्यासकट? तीस दिवस मोजायला लागा त्या तारखेपासून.

पाथर्डीफाटा३९

पोच आहे. सलग नंबर होते. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, दुपारी बँकेत जातो.